एप्रिल-मेमध्ये भुंग्यांसाठी काय लावू?

मदत हवी आहे. नागपुरात घर, मागे थोडीशी मोकळी जागा. फाल्गुनात शेवगा फुलला की काळे, निळसर पंखांचे भुंगे दिवसभर घोंगावतात. व्हिडिओत दिसते ती केसाळ बंबलबी हिमालयाकडची. आपल्याकडे हेच, लाकूड पोखरणारे.

शेवग्याचा बहर ओसरला की पुढे ४५ अंशांच्या उन्हात त्यांना खायला काय? बहाव्याएवढी जागा नाही. कुंडीत तगेल असं सांगा. नर्सरीतली भरगच्च पाकळ्यांची शोभेची फुलं नकोत, त्यांत पराग नसल्यातच जमा.

शिवाय मांडवाच्या बांबूंना त्यांनी भोकं पाडलीत. सासरे म्हणतात, रॉकेल ओता! ते मी होऊ देणार नाही. कोपऱ्यात वेगळे वाळके बांबू बांधले तर भुंगे तिकडे जातील का? कुणी करून पाहिलंय?