मदत हवी आहे: तलवारीला आणि भाल्याच्या फाळाला घरी धार लावण्याबाबत, पुणे

नमस्कार मंडळी,

सिंहगड रस्त्याच्या बाजूला आम्ही काही जण रविवारी सकाळी मर्दानी खेळाचा सराव करतो. लाठी, विटा (दोरी बांधलेला भाला), फरीगदगा (ढाल आणि काठीचा खेळ) हे नेहमीचं. आता गटातल्या मोठ्या मुलामुलींना केळीच्या खांबावर वार तपासायचे आहेत. हवेत फिरवताना हात बरोबर बसला की नाही ते कळतच नाही, खांब मात्र लगेच सांगतो. त्यासाठी फक्त एका तलवारीला धार हवी आहे. बाकीची हत्यारं, विशेषतः शिवजयंतीला आणि गणपतीच्या मिरवणुकीत नेतो ती, बोथटच राहतील. यावर आमच्यात दुमत नाही.

तलवार नवीन घडवलेली आहे. पातं वक्र, मूठ गादीची, म्हणजे मागच्या टोकाला गोल तबकडी असलेली. विकणाऱ्याने पोलाद ईएन ४५ सांगितलं, म्हणजे ट्रकच्या कमानपाट्यांचं. कड जवळजवळ दोन मिलिमीटर जाड आहे. गटातल्या एकाने ती सुऱ्या-कात्र्यांना धार लावून देणाऱ्याकडे दिली होती. त्याने कोरड्या चाकावर धरली आणि टोकाकडचा चार बोटं भाग जांभळट निळा पडला. पुढचं काम थांबवून आम्ही ती परत आणली.

पात्याचं पाणी, म्हणजे तापवून-विझवून दिलेला कठीणपणा, उतरलं असेल का? उतरलं असेल तर तेवढा भाग वाचवता येतो का? पुढची धार मशीनवर लावावी की कानशीने? कोन किती ठेवावा? मूठ वार सोसेल की नाही हे आधी कसं ओळखायचं? भाल्याचा एक फाळही आहे, त्याला कितपत धार लागते? आणि कायद्याची बाजू कोणाला नीट माहीत असेल तर तीही लिहा, कारण गटाची जबाबदारी माझ्यावर आहे आणि मुलं लहान आहेत.

प्रतिसाद १

धार लावण्याआधी मूठ बघा. आपल्याकडच्या गादीच्या मुठीत पात्याचा शेपटा (मुठीत बसणारा मागचा भाग) आरपार जात नाही. मुठीच्या पोकळीत आखूडसा शेपटा आणि भोवती राळ किंवा लाख, अशी जुनी पद्धत आहे. जुन्या कारागिरांनी ती नीट बसवलेली असे. आजच्या स्वस्त प्रतिकृतींमध्ये मात्र शेपट्याच्या जागी बारीक गज वेल्डिंग करून जोडलेला सापडतो. तो वाराच्या झटक्याने वेल्डिंगपाशी तुटतो आणि अख्खं पातं मुठीतून सुटून पुढे जातं. मूठ एका हातात घट्ट धरा आणि दुसऱ्या हाताच्या तळव्याने पात्याच्या सपाट बाजूवर थाप द्या. आतून खुळखुळ आली किंवा परजेपाशी (मूठ आणि पातं जुळतात तिथे) केसभर हालचाल जाणवली तर त्या तलवारीने काही तोडायचं नाही. विकणाऱ्याला सरळ विचारा की आत काय आहे. त्याला सांगता येत नसेल तर ती तलवार भिंतीवरच राहू द्या.

आणखी एक. मुठीजवळ मशीन लावून पातं तापवलं की लाख मऊ होते आणि घट्ट बसलेली मूठसुद्धा ढिली पडते.

प्रतिसाद २

लोखंडाच्या कामात आयुष्य गेलं आहे, म्हणून निळ्या रंगाबद्दल लिहितो. निळं पडलं की पाणी गेलंच, असं सगळे सांगतील. छिन्नीसारख्या अवजाराला ते लागू पडतं, कारण त्याला कठीण ठेवलेलं असतं. पिवळसर छटा येते साधारण २२० ते २३० अंश सेल्सिअसला आणि निळी ३०० च्या आसपास. कमानपाट्यांच्या पोलादाला पाणी दिल्यावर लवचीकपणासाठी पुन्हा ४०० च्याही वर तापवतात. तुमच्या पात्याला खरोखर तसं केलं असेल तर नुसत्या निळ्या रंगाने त्याचं फारसं बिघडत नाही. धोका आहे तो निळ्याच्या पुढे जाऊन करडं पडलेल्या अगदी बारीक कडेला.

परीक्षा सोपी आहे. बारीक दात्यांची नवी कानस घ्या. आधी पात्याच्या मधल्या भागाच्या कडेवर हलकेच फिरवा, मग निळ्या जागी. तलवारीच्या पोलादावर कानस थोडी चावतेच, तिच्या आवाजाकडे लक्ष ठेवा. दोन्हीकडे सारखीच लागली तर निर्धास्त राहा. निळ्या जागी जास्त खोल रुतली तर कड मऊ पडली आहे. तिथे धार टिकणार नाही, पण धोकाही नाही. कानस घसरून चुर्रर्र आवाज आला तर मात्र सावध व्हा. कड लालबुंद होऊन आजूबाजूच्या थंड पात्यामुळे झटकन निवली आणि काचेसारखी ठिसूळ झाली, असा त्याचा अर्थ. तेवढी कड सहाणेवर हळूहळू पाणी घालत घासून काढून टाकावी लागेल.

धार कानशीनेच लावा. दोन मिलिमीटरची कड उतरवायला वेळ लागेल, लागू द्या. पातं लाकडी फळीवर दोन ठिकाणी आवळून बांधा, टोकाला जाड कापड गुंडाळा, हातात चामडी मोजे घाला. कड मार्करने काळी करून घेतली की कानस कुठे लागते ते दिसतं. दोन्ही बाजूंनी २० ते २५ अंश पुरे. वस्तऱ्यासारखी पातळ धार पहिल्याच वाकड्या वाराला वळते. पलीकडच्या बाजूला नखाला बारीक कंगोरा लागू लागला की बाजू बदला. मग जाड रबराच्या तुकड्यावर पॉलिश पेपर चढवून १२०, २४०, ४०० असे हात द्या. रबर दबतं, त्यामुळे धारेला आपोआप थोडी गोलाई येते आणि तशी धार जास्त टिकते. केळीच्या खांबाला ४०० पर्यंत भरपूर झालं. मुठीकडचा वीतभर भाग बोथटच ठेवा. हे सगळं सामान रविवार पेठेत बोहरी आळीत मिळेल.

फाळाची गोष्ट वेगळी. भाल्याचं काम टोक करतं. टोक फार निमुळतं केलं तर वाकतं, म्हणून मधली कणा-रेघ टोकापर्यंत जाऊ द्या आणि बाजूच्या कडा नुसत्या साफ करा. खरी काळजी दांड्याची. भरीव बांबू घ्या. फाळाची नळी त्यावर ठोकून बसवल्यावर आडवा रिव्हेट मारा, नुसत्या डिंकावर विसंबू नका.

प्रतिसाद ३

कायद्याचं थोडं. शस्त्र नियमांमध्ये तलवार, भाला, खंजीर यांचा स्पष्ट उल्लेख आहे आणि ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची मर्यादा दिली आहे. शेतीच्या आणि घरगुती वापराच्या अवजारांना त्यातून सूट आहे, पण तुमची तलवार त्यात बसत नाही. त्याशिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात, बहुतेक सणासुदीला, आणि त्या काळात सार्वजनिक जागी तलवारी-भाले बाळगता येत नाहीत. ‘प्रतिकृती आहे’ हे उत्तर धार लावलेल्या पात्याला चालत नाही. स्थानिक पोलीस ठाण्यात गटाच्या नावाने लेखी अर्ज द्या, पोच घ्या, एखाद्या वकिलाचा सल्ला घ्या आणि तोवर कानस हातात धरू नका. सरावाची जागा खासगी आणि कुंपणाची असावी.

घरातली पिढीजात जुनी तलवार असेल तर तिला कोणीही कानस लावू नये, हेही इथेच सांगतो. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येऊ शकते. पात्यावर जौहर, म्हणजे पोलादातली लहरदार नक्षी, असेल तर चुकीच्या घासण्याने ती नक्षी पुसट होते. बाजीराव रस्त्यावर केळकर संग्रहालयात जुनी हत्यारं आहेत, मुलांना घेऊन एकदा जा.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. कानशीची परीक्षा केली. निळ्या जागी आणि मधल्या भागात ती सारखीच चावते, त्यामुळे जीव भांड्यात पडला. मूठ मात्र थाप दिल्यावर अगदी बारीक वाजते. विकणाऱ्याला विचारलं तर त्याने आतल्या शेपट्याबद्दल काही सांगितलं नाही. म्हणून या तलवारीने खांब तोडायचा नाही, असं गटात ठरवलं. ती सरावाला आणि खंडेनवमीच्या पूजेला राहील. दुसरी घ्यायची तर शेपटा बघूनच. पोलीस ठाण्यातला अर्ज उद्या देतो.

एक शंका राहिली. गादीच्या मुठीने वार करताना मुलांचं मनगट दुखतं. मूठ लहान आहे का?

प्रतिसाद २

मूठ लहानच असते, बोटं दाटीनेच बसतात. दुखण्याचं कारण वेगळं आहे. मनगट मोडून वार केला की गादी मनगटात रुतते. ही मूठ खांद्यातून आणि कोपरातून ओढून कापायच्या वारासाठी आहे. मुलांना मनगट सरळ ठेवून, पातं लागताच आपल्याकडे खेचायला शिकवा. पुढे खांब तोडाल तेव्हा कापलेली जागा बघा. सपाट आणि गुळगुळीत आली तर धार सरळ गेली, तंतू फाटलेले दिसले तर पातं तिरपं पडलं. केळीचा चीक लोखंडावर काळे डाग पाडतो, म्हणून लगेच पुसून मशीनचं तेल लावा. खंडेनवमीलाही ओलं कुंकू आणि झेंडूची फुलं रात्रभर पात्यावर ठेवू नका. पूजा झाली की पुसून तेलाचा हात फिरवा. पावसाळ्यात पातं चामड्याच्या म्यानात ठेवू नका, आत दमट होऊन दिसत नाही तिथे गंज चढतो.