तेल गोठले म्हणजे त्यात मेण आहे का? सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

सदनिका १०२ :
सर्वांना नमस्कार. काल या ग्रुपवर पुढे पाठवलेला एक संदेश वाचून मनात शंका आली, म्हणून लिहीत आहे. फ्रिजमध्ये ठेवल्यावर जे तेल गोठते त्यात मेण मिसळलेले असते आणि जे पातळ राहते ते शुद्ध असते, असे त्या संदेशात म्हटले आहे. मी लगेच करून पाहिले. नारळाचे तेल दगडासारखे पांढरे व घट्ट झाले, शेंगदाण्याचे तेल थोडे गढूळले पण वाहते राहिले. ३०४ मधील काकूंनी अनेक वर्षे रसायनशास्त्र शिकवले आहे. त्यांनी सवडीने यावर लिहावे, अशी विनंती.

सदनिका ३०४ :
नमस्कार. तो संदेश चुकीचा आहे आणि त्याने नुकसानही होऊ शकते. त्या कसोटीवर विसंबलेला माणूस नारळाचे अस्सल तेल फेकून देईल आणि ज्यात पातळ खनिज तेल मिसळलेले आहे ते तेल, फ्रिजमध्येही पातळच राहिल्यामुळे, शुद्ध म्हणून वापरत राहील. म्हणून जरा मुळापासून लिहिते. लांबले तरी कृपया शेवटपर्यंत वाचावे.

खाण्याची सगळी तेले आणि सगळे घट्ट मेद यांची मूळ बांधणी एकच असते. ग्लिसरॉल नावाचा तीन कार्बनांचा एक छोटा रेणू असतो आणि त्याच्या तिन्ही कार्बनांना एकेक मेदाम्ल जोडलेले असते. या जोडणीला एस्टर बंध म्हणतात आणि तयार झालेल्या रेणूला ट्रायग्लिसराइड. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांनी १८११ पासून बारा वर्षे साबण व प्राणिज चरबी यांवर काम करून मेद म्हणजे आम्ले आणि ग्लिसरॉल यांचे संयुग आहे हे दाखवून दिले, आणि १८५४ मध्ये बर्थेलो यांनी ग्लिसरॉल व मेदाम्ले एकत्र करून प्रयोगशाळेत मेद तयार केला. तेल आणि चरबी हे दोन वेगवेगळे पदार्थ आहेत ही समजूत तेव्हाच निकालात निघायला हवी होती. नेहमीच्या तापमानाला जे पातळ असते त्याला आपण तेल म्हणतो आणि जे घट्ट असते त्याला चरबी, एवढाच तो फरक आहे.

मग काही पातळ आणि काही घट्ट का असतात, याचे उत्तर मेदाम्लांत आहे. मेदाम्ल म्हणजे कार्बनांची एक लांब शृंखला, जिच्या एका टोकाला आम्लाचा गट असतो. निसर्गात या शृंखलेतील कार्बनांची संख्या बहुधा सम असते, कारण सजीवांच्या पेशी ती दोन-दोन कार्बनांनी वाढवत नेतात. शृंखलेतील सर्व कार्बन एकेरी बंधांनी जोडलेले असले की मेदाम्ल संपृक्त, आणि कुठे दुहेरी बंध असला की असंपृक्त. वनस्पतींच्या तेलांतील दुहेरी बंध जवळजवळ नेहमी ‘सिस’ प्रकारचे असतात, म्हणजे त्या बंधापाशी शृंखला दोन्ही बाजूंनी एकाच अंगाला वळते आणि रेणूला बाक येतो. सरळ काटक्यांची मोळी घट्ट बांधता येते. मध्येच वाकलेल्या काटक्या घेतल्या तर कितीही आवळले तरी पोकळ्या राहतात. रेणूंचेही तसेच होते. एकमेकांना खेटून बसलेले सरळ रेणू सुटे करायला जास्त उष्णता लागते, बाक आलेल्यांना कमी.

आकडे पाहिले की हे स्पष्ट होते. स्टिअरिक, ओलेइक, लिनोलेइक आणि अल्फा-लिनोलेनिक या चारही आम्लांत कार्बन अठराच असतात. दुहेरी बंध नसलेले स्टिअरिक आम्ल सुमारे ७० अंश सेल्सिअसला वितळते, एक बंध असलेले ओलेइक १३-१४ अंशांना, दोन बंध असलेले लिनोलेइक उणे ५ अंशांच्या आसपास आणि तीन बंध असलेले अल्फा-लिनोलेनिक उणे ११ अंशांच्या आसपास. एका दुहेरी बंधाने वितळणबिंदू पन्नास अंशांहून अधिक खाली येतो. ही गोष्ट मी वर्षानुवर्षे शिकवली आणि प्रत्येक वेळी मला ती तितकीच विलक्षण वाटली.

आता नारळाचे तेल. त्यातील सुमारे नव्वद टक्के मेदाम्ले संपृक्त असतात आणि जवळजवळ निम्मा वाटा लॉरिक आम्लाचा असतो. लॉरिकची शृंखला बारा कार्बनांचीच, म्हणजे आखूड, असल्यामुळे ते संपृक्त असूनही ४४ अंशांना वितळते. त्यात आठ व दहा कार्बनांची आणखी आखूड आम्लेही मिसळलेली असतात. मिश्रणात रेणूंची रचना नीट जुळत नाही, म्हणून तेलाचा वितळणबिंदू २४-२५ अंशांवर येतो. त्याखाली ते गोठणारच. उलट शेंगदाण्याच्या तेलात ओलेइक आणि लिनोलेइक मिळून बहुतांश भाग व्यापतात, म्हणून ते थंडीतही वाहते राहते. दोन्ही तेले आपापल्या घडणीनुसारच वागली आहेत.

सदनिका ५०१ :
काकू, फार छान समजावून सांगितलेत. पण मग मेण म्हणजे नेमके काय? तेही चरबीसारखेच दिसते आणि हाताला तसेच बुळबुळीत लागते.

सदनिका ३०४ :
मेणातही एस्टर बंधच असतो, पण त्यात ग्लिसरॉल नसते. तिथे एक लांब शृंखलेचे मेदाम्ल आणि एक लांब शृंखलेचे अल्कोहोल असे दोघेच एकमेकांना जोडलेले असतात. मधमाशीच्या मेणात सोळा कार्बनांचे पामिटिक आम्ल आणि तीस कार्बनांचे अल्कोहोल यांचा एस्टर प्रमुख असतो आणि ते मेण ६२ ते ६४ अंशांना वितळते. ब्राझीलमधील एका ताडवृक्षाच्या पानांवरचे कार्नोबा मेण ८० अंशांच्याही वर टिकते, म्हणून लाकडाच्या व गाड्यांच्या पॉलिशमध्ये ते वापरतात. मेणाचे रेणू पाण्याला जवळ येऊ देत नाहीत. पानांवर, फळांच्या सालींवर आणि पक्ष्यांच्या पिसांवर निसर्गाने मेण घातले आहे ते याचसाठी.

इथे दोन अपवाद लक्षात ठेवण्यासारखे आहेत. जोजोबाचे तेल दिसायला तेल असले तरी रसायनशास्त्राच्या दृष्टीने ते मेण आहे; ते द्रवरूप राहते, कारण त्याच्या दोन्ही शृंखलांत एकेक दुहेरी बंध असतो. आणि मेणबत्तीचे पॅराफिन, ज्याला आपण सर्रास मेण म्हणतो, त्यात एस्टर बंधच नसतो. ते खनिज तेलापासून मिळणारे निव्वळ हायड्रोकार्बन आहे, म्हणजे त्यात फक्त कार्बन आणि हायड्रोजन असतात.

१०२ मधील भाऊंना खरी कसोटी हवी असेल तर ती याच फरकावर आधारलेली आहे. तेल अल्कोहोलमधील कॉस्टिक पोटॅशबरोबर उकळले की ट्रायग्लिसराइड फुटून साबण व ग्लिसरॉल तयार होते आणि गरम पाणी घातल्यावर द्रावण निवळ राहते. खनिज तेलाचा किंवा पॅराफिनचा साबण होत नाही, त्यामुळे ते मिसळलेले असेल तर द्रावण गढूळ होते. हा प्रयोग घरी करू नये. पोटॅशने कातडी आणि डोळे भाजतात आणि अल्कोहोल पेट घेते. शंका असेल तर नमुना प्रयोगशाळेत द्यावा.

सदनिका २०३ :
सर्व चर्चा लक्षपूर्वक वाचत आहे. माझे मत थोडे वेगळे आहे. संपृक्त असो वा असंपृक्त, मेद शरीराला अपायकारकच, तेव्हा इतक्या बारकाव्यात शिरण्यापेक्षा तो पूर्ण सोडणे हेच शहाणपणाचे नाही का?

सदनिका ३०४ :
काका, आदरपूर्वक असहमती नोंदवते. जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने १९२९ मध्ये उंदरांना पूर्णपणे मेदरहित आहार देऊन पाहिला, तेव्हा त्यांची वाढ खुंटली आणि कातडीला खवले आले. लिनोलेइक आम्ल देताच ते बरे झाले. आपले शरीरही लिनोलेइक आणि अल्फा-लिनोलेनिक ही दोन आम्ले स्वतः तयार करू शकत नाही, ती अन्नातूनच यावी लागतात. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वेही मेदाशिवाय नीट शोषली जात नाहीत. एका ग्रॅम मेदातून सुमारे ९ किलोकॅलरी मिळतात, म्हणजे पिठूळ पदार्थांच्या दुपटीहून अधिक. म्हणून प्रमाण सांभाळावे हे मान्यच आहे. पण कोणता मेद, हा बारकावा टाळून चालत नाही, आणि याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे ट्रान्स मेद.

१९०२ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म नोर्मान यांनी पातळ तेल घट्ट करण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. निकेलच्या बारीक कणांच्या सान्निध्यात तेलातून हायड्रोजन सोडला की दुहेरी बंध एकेक करून भरत जातात आणि तेल घट्ट होऊ लागते. हायड्रोजन जोडण्याची क्रिया निकेलच्या पृष्ठभागावर उलटही घडू शकते, आणि खरी अडचण तिथेच आहे. अर्धवट जोडलेला रेणू मध्येच वळतो, हायड्रोजन सोडून देतो आणि दुहेरी बंध पुन्हा तयार होतो तो बऱ्याचदा ‘ट्रान्स’ प्रकारचा, कारण तो अधिक स्थिर असतो. ट्रान्स बंधात रेणूला बाक उरत नाही. कार्बन अठराच आणि दुहेरी बंधही एकच, पण सिस ओलेइक १३-१४ अंशांना वितळते तर त्याचे ट्रान्स रूप सुमारे ४५ अंशांना. मेन्सिंक आणि काटान या नेदरलँड्समधील संशोधकांनी १९९० मध्ये दाखवले की ट्रान्स मेदाने अपायकारक एलडीएल कोलेस्टेरॉल वाढते आणि उपयुक्त एचडीएल कमी होते; संपृक्त मेदाने एलडीएल वाढते, पण एचडीएल असे खाली येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये औद्योगिक ट्रान्स मेद अन्नातून हद्दपार करण्याचे आवाहन केले ते अशाच पुराव्यांच्या आधारे. एक गैरसमज मात्र दूर करते : ट्रान्स मेद येतो तो अर्धवट हायड्रोजनीकरणातून. क्रिया पूर्णत्वास नेली तर दुहेरी बंधच उरत नाहीत, म्हणून ट्रान्सही जवळजवळ उरत नाही. उरतो तो कठीण संपृक्त मेद.

सदनिका ५०१ :
तेल खवट होण्याचा संबंधही दुहेरी बंधाशी आहे का?

सदनिका ३०४ :
बऱ्याच अंशी आहे. खवटपणाचे दोन मार्ग आहेत. पाणी आणि विकरे (एन्झाइम) यांच्यामुळे एस्टर बंध तुटला की मेदाम्ले सुटी होतात. लोण्यातील चार कार्बनांचे ब्युटिरिक आम्ल असे सुटे झाले की त्याचा उग्र वास लगेच जाणवतो. दुसरा मार्ग हवेतील ऑक्सिजनचा आहे आणि तेलांच्या बाबतीत तोच महत्त्वाचा. दोन दुहेरी बंधांच्या मधल्या कार्बनावरील हायड्रोजन फार सैल धरलेला असतो. तो निघाला की त्या जागी ऑक्सिजन बसतो, पेरॉक्साइड तयार होते आणि तेच पुढच्या रेणूवर तीच क्रिया घडवते. पेरॉक्साइडे फुटून जी अल्डिहाइडे होतात त्यांचा तो खवट वास. सुरुवातीचा बराच काळ तेलातील ई जीवनसत्त्व ही साखळी रोखून धरते, म्हणून काहीच बिघडलेले दिसत नाही. ते संपले की खवटपणा एकदम वाढतो. प्रकाश, उष्णता, तांबे आणि लोखंड यांनी ही क्रिया वेग घेते. तेल गडद किंवा अपारदर्शक बाटलीत, झाकण घट्ट लावून, शेगडीपासून दूर ठेवावे, आणि जुन्या तेलाच्या तळाशी नवे तेल ओतू नये.

सेक्रेटरी :
चर्चा अतिशय उपयुक्त आहे. याच निमित्ताने एक विचारतो. या आठवड्यात सभागृहाच्या लाकडी दारांना जवसाचे तेल लावण्याचे काम सुरू आहे. तेल सुकायला दोन-तीन दिवस लागतील असे कारागीर म्हणतात. तेलात पाणी नसते, मग ते सुकते म्हणजे काय होते? आणि वापरलेल्या चिंध्या तळमजल्यावरील खोलीत एका पोत्यात भरून ठेवल्या आहेत; त्या पुन्हा वापरता येतील का?

सदनिका ३०४ :
सेक्रेटरी साहेब, आधी ते पोते तळमजल्यावरून बाहेर मोकळ्या जागेत न्यायला सांगावे, मग पुढचे वाचावे.

जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून अधिक अल्फा-लिनोलेनिक आम्ल असते, म्हणजे दर शृंखलेत तीन दुहेरी बंध. वर लिहिलेली ऑक्सिजनची क्रिया त्यात इतक्या जोराने चालते की रेणू एकमेकांना जोडले जाऊन कठीण, लवचीक पापुद्रा तयार होतो. तेल सुकते ते काही उडून गेल्यामुळे नव्हे. हवेतला ऑक्सिजन घेतल्यामुळे सुरुवातीला त्याचे वजन वाढते. चित्रकारांची तैलचित्रे शतकानुशतके टिकली ती याच क्रियेमुळे. नारळाच्या तेलाचा असा पापुद्रा कधीच होणार नाही. दुहेरी बंधांचे प्रमाण मोजण्यासाठी आयोडीन मूल्य काढतात; ते नारळाच्या तेलाचे १० च्या आसपास असते, जवसाच्या तेलाचे १७० च्या पुढे.

ही क्रिया उष्णता बाहेर टाकते. दाराच्या पातळ थरातील उष्णता हवेत विरून जाते, पण चिंध्यांच्या ढिगात तेलाचा पृष्ठभाग प्रचंड असतो, हवा आत पोहोचते आणि उष्णता मात्र आतच कोंडते. तापमान वाढले की क्रिया वाढते, क्रिया वाढली की तापमान, आणि काही तासांत चिंध्या ठिणगीशिवाय पेट घेऊ शकतात. फेब्रुवारी १९९१ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात वन मेरिडियन प्लाझा या ३८ मजली इमारतीच्या २२व्या मजल्यावर जवसाच्या तेलाच्या चिंध्यांमधूनच आग लागली. तिच्यात अग्निशामक दलाचे तीन जवान मरण पावले. आग वर वर चढत गेली आणि ३०व्या मजल्यावरील स्वयंचलित पाण्याच्या फवाऱ्यांनी तिला अडवले.

चिंध्या पुन्हा वापरू नयेत. प्रत्येक चिंधी वेगळी, न दुमडता, मोकळ्या हवेत पसरून पूर्ण कडक होईपर्यंत वाळवावी, किंवा पाण्याने भरलेल्या, झाकणाच्या लोखंडी डब्यात बुडवून ठेवावी आणि मगच टाकावी. पोते बाहेर नेताना आतून ऊब जाणवली किंवा तीव्र वास आला तर ते उघडू नये. आहे तसे पाण्याने पूर्ण भिजवावे.

सेक्रेटरी :
पोते बाहेर आणून पाण्याच्या पिंपात बुडवले आहे. मधला भाग हाताला स्पष्ट कोमट लागत होता. कारागिरांना आपल्या सूचना वाचून दाखवल्या असून काम संपेपर्यंत रोज संध्याकाळी चिंध्यांची पाहणी मी स्वतः करीन. काकू, मनःपूर्वक आभार.