पाऊल-घोट्याची सर्जरी: रेसिडेन्सीत शिकवायची की फेलोशिपवर ढकलायची?

लातूरकर ऑर्थो: काल इथे एकाने लिहिलं, 'पाऊल हा फेलोशिपचा (एमएसनंतरच्या जादा प्रशिक्षणाचा) विषय, एमएसला (तीन वर्षांच्या रेसिडेन्सीत) घोट्याचं फ्रॅक्चर बसवता आलं की पुरे.' डोकं फिरलं. माझ्याकडे ऊसतोडीचा एक माणूस आला, दोन महिने लंगडत. पहिल्या दिवशीच्या केसपेपरवर स्वच्छ लिहिलंय: 'तळव्यावर निळा डाग, एक्स-रे नॉर्मल, क्रेप बँडेज.' अहो, तो डागच लिसफ्रँकची, म्हणजे पावलाच्या मधल्या सांध्यांच्या दुखापतीची खूण! उभं करून एक्स-रे काढला, तर पहिल्या-दुसऱ्या मेटाटार्सलमध्ये (बोटांमागच्या लांब हाडांमध्ये) ही फट. हे ओळखायला फेलोशिप लागते?

फेलो पुणे: काल ते लिहिणारा मीच. 26 हाडांचं पाऊल, शिवाय खुबा, गुडघा, मणका, हात, ट्रॉमा. तीन वर्षांत कोंबणार किती? अर्धवट शिकलेले लोक कॅल्केनियमला (टाचेच्या हाडाला) मोठी चीर घेतात आणि कातडी काळी पडते. तसल्या जखमांची ड्रेसिंगं मी वर्षभर केलीत.

लातूरकर ऑर्थो: चीर घ्या म्हणालो का मी? जन्मतः वाकड्या पावलाचं पोन्सेटी रेसिडेंटच करतात ना? दर आठवड्याला प्लास्टर, पाच-सहा झाली की टाचेमागच्या टेंडनला (स्नायूच्या दोरीला) छोटा छेद. शिकवलं म्हणून येतं.

सर्जरी जेआर-२: तुमचं हाडांवरून चाललंय. डायबेटिक फूट (मधुमेहाने चिघळलेलं पाऊल) कोणाचं, ते सांगा आधी. रात्री दोनला कॅज्युअल्टीत ऑर्थो म्हणतं सर्जरीचं, सर्जरी म्हणते ऑर्थोचं. पू काढतो जेआर-१, म्हणजे पहिल्या वर्षाचा रेसिडेंट. पावलाची संवेदना तपासायचा मोनोफिलामेंट आमच्या वॉर्डात कधी दिसलाच नाही.

फेलो पुणे: हाड उघडं असेल तर आम्ही येतो.

सर्जरी जेआर-२: येता, सकाळी राउंडला! केंद्राच्या 1992 च्या रेसिडेन्सी आदेशात सलग 12 तासांच्या वर ड्युटी नको असं आहे. माझी परवाची 36 तासांची झाली.

लातूरकर ऑर्थो: ड्युटीचा धागा वेगळा काढा.

सर्जरी जेआर-२: नाही काढणार. पेंगत कोणी पाय नीट तपासतं का? लाल, गरम पाऊल सेल्युलायटिस (कातडीचा जंतुसंसर्ग) म्हणून तीन आठवडे अँटिबायोटिकवर ठेवलेलं मी पाहिलंय. शार्को होतं, म्हणजे मधुमेहाने नसा बधिर होऊन पावलाची हाडं-सांधे ढासळणं. पाय थोडा वेळ उंच धरला असता तर लाली उतरताना दिसली असती. तोवर पावलाची कमान बसली. बाई चाळिशीची होती.

फेलो पुणे: शार्कोचं मान्य. महिनाभर पाऊल-घोट्याच्या ओपीडीत पोस्टिंग द्या, त्याला माझी ना नाही. चाकू मात्र फेलोशिपनंतरच.

लातूरकर ऑर्थो: ओपीडी मानलीत, एवढं तरी झालं. पण ती ओपीडी आहे किती कॉलेजांत? आमच्या वेळी नव्हती.

सर्जरी जेआर-२: आमच्याकडे आजही नाही. आणि पोस्टिंग फक्त ऑर्थोला देऊ नका. पू आम्हीच काढतो.