कॅल्क्युलेटरचे सगळे अंक लिहायचे का?

शाळेच्या प्रयोगात एखाद्या तुकड्याची घनता (वस्तुमान भागिले आकारमान) काढताना कॅल्क्युलेटरवर २.६९७६७४४ आलं तर तेवढंच लिहावं, अंक गाळले की अचूकता जाते, असं एक मत आहे. मला हे पटत नाही. अचूकता मोजमापात असते, भागाकारात नाही.

तुकड्याचं वस्तुमान २३.२ ग्रॅम. मोजपात्रातलं पाणी ५०.० वरून ५८.६ मिलीवर चढलं, म्हणजे आकारमान ८.६ घन सेंमी. खरी गोम इथेच आहे, आणि मुलं नेमकी इथेच चुकतात. दोन्ही वाचनांत तीन-तीन सार्थ अंक (मोजमापातून खरोखर कळलेले अंक) आहेत, पण वजाबाकीत दशांश स्थळं बघायची असतात. दोन्हींत एकच दशांश स्थळ, म्हणून फरकातही एकच; त्यामुळे ८.६ मध्ये दोनच सार्थ अंक उरले. गुणाकार-भागाकारात ज्या संख्येत सर्वांत कमी सार्थ अंक, तेवढेच उत्तरात ठेवायचे, म्हणून उत्तर २.७ ग्रॅम प्रति घन सेंमी.

नियम घोकण्यापेक्षा हे करून बघा: आकारमान ०.१ ने चुकलंय असं धरा. ८.५ ने भागलं तर २.७३, ८.७ ने भागलं तर २.६७. दुसरा अंकच डळमळतोय, मग सातव्या दशांश स्थळावर विश्वास कसा ठेवायचा?

तिसरा अंक हवाच असेल तर मोठा तुकडा घ्या. आकारमान दहाच्या वर गेलं की त्याच मोजपात्रातून तीन सार्थ अंक मिळतात. आणि हो, तुकड्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे आधी झटकायला सांगा. त्यांनी आकारमान फुगतं नि घनता कमी येते.