हेक्झेन कॅनमध्ये काढताना हाताला झटका बसला. अर्थिंग खरंच लागतं की नुसतं दाखवायला असतं?

नवा_स्टोअरवाला:
स्टोअरचा ताबा नुकताच माझ्याकडे आलाय. आमच्याकडे धातूचे छोटे पार्ट हेक्झेनने पुसून त्यांचं ग्रीस काढतात. 200 लिटरचा ड्रम स्टँडवर आडवा असतो. त्याच्या नळातून 20 लिटरच्या पांढऱ्या प्लास्टिक कॅनमध्ये माल काढायचा आणि टेबलांवर वाटायचा, असा शिरस्ता. कॅनचं तोंड अरुंद, म्हणून त्यावर पत्र्याचं नरसाळं ठेवतात. परवा नळ बंद करायला गेलो, नरसाळ्याला बोट लागलं आणि टच्चकन झटका बसला.

ड्रमला अर्थिंगची वायर आहे. तरी जुनी मंडळी म्हणतात, ती ऑडिटवाले आले की दाखवायला, आजवर कधी काही झालं नाही. हा झटका मनावर घ्यायचा की सोडून द्यायचा? आणि टेबलावर बसणाऱ्यांना मास्क कोणता द्यावा? सध्या धुळीचा पांढरा मास्क देतात. एकजण बोटांना मुंग्या येतात म्हणतो, बाकीचे त्याची थट्टा करतात.

पाना_पक्कड:
बाकी चर्चा होत राहील. आधी ते नरसाळं उचलून बाजूला ठेवा आणि प्लास्टिक कॅनमध्ये माल काढणं आजच थांबवा.

यार्डातला:
पाना_पक्कड यांच्याशी सहमत. मी सॉल्व्हंट यार्डात मेंटेनन्स बघतो, त्यामुळे 'कधी काही झालं नाही' हे वाक्य आठवड्याला एकदा तरी कानावर पडतं.

हेक्झेनची वाफ पेटायला 0.24 मिलीज्यूल ऊर्जा पुरते. बोटाला जाणवणारी ठिणगी साधारण 1 मिलीज्यूलच्या आसपास असते. म्हणजे तुम्हाला जाणवली तेव्हाच ती गरजेपेक्षा कितीतरी मोठी होती. पेटलं नाही, कारण त्या क्षणी नेमक्या त्या जागी हवेतली वाफ 1.1 ते 7.5 टक्क्यांच्या, म्हणजे पेटण्याजोग्या पट्ट्यात नव्हती. कॅनच्या तोंडाशी ती फार दाट असते, हातभर लांब फार विरळ. मधला पट्टा कुठे पडेल ते कुणी दार उघडलं, पंखा कुठे वळला यावर ठरतं. इतकी वर्षं काही झालं नाही ते एवढ्यावरच.

आता नरसाळ्याकडे या. हेक्झेन विजेचं जवळजवळ वहन करतच नाही. नळातून येताना, जाळीतून गाळताना, उंचावरून धार पडताना त्यावर जो विजेचा भार चढतो तो लवकर उतरत नाही. प्लास्टिकच्या कॅनमधून त्याला जमिनीकडे वाट नाही. अशा कॅनवर तुम्ही धातूचा तुकडा ठेवला आहे, जो कशालाही जोडलेला नाही. प्लास्टिकला हात लागला तर तेवढ्या ठिकाणचाच भार सुटतो. धातू मात्र साठलेला सगळा भार एका ठिणगीत मोकळा करतो. तुमचं बोट मध्ये आलं म्हणून ती बोटावर उडाली. एरवी ड्रमच्या नळावर उडाली असती, तीही वाफेच्या ऐन मधोमध.

म्हणून नुसती ड्रमची वायर उपयोगाची नाही. धातूचा सेफ्टी कॅन घ्या, स्प्रिंगच्या झाकणाचा आणि तोंडात ज्योत अडवणारी जाळी असलेला. ड्रमपासून कॅनपर्यंत एक वायर, ड्रमपासून अर्थपर्यंत दुसरी. क्लॅम्प टोकदार हवा, रंग खरवडून धातूत रुतणारा. ऑइलपेंटवर अडकवलेली क्लिप ही शोभेची वस्तू आहे. मीटर लावून बघा, 10 ओहमच्या वर रीडिंग गेलं तर कुठेतरी गंज, रंग किंवा तुटकी तार आहे असं समजा. मोजायचं ते ड्रम बंद असताना. साधा मीटर घेऊन उघड्या वाफेत वाकू नका. वायर आधी जोडायची, मग नळ उघडायचा. सोडताना उलट: नळ बंद, झाकण बंद, मग वायर. घाईत लोक वायर आधी काढतात, आणि भार सर्वात जास्त असतो तो नेमका तेव्हाच. धार वरून पाडू नका, धातूची नळी कॅनच्या तळापर्यंत न्या, तोंड बुडेपर्यंत नळ अगदी थोडाच उघडा.

माणसावरही भार चढतो. अँटिस्टॅटिक, म्हणजे अंगावरचा भार जमिनीत उतरवणारे बूट हवेत, आणि त्या बुटांखाली जाड इपॉक्सीचा थर किंवा रबरी मॅट असेल तर बूट असून नसल्यासारखे. सिंथेटिक जाकीट तिथे उभं राहून काढू नका.

एक हिशोब देतो, तो त्या जुन्या मंडळींना दाखवा. 1 लिटर हेक्झेन पूर्ण उडालं तर सुमारे 180 लिटर वाफ होते. ती सारखी पसरली तर जवळपास 16 घनमीटर हवा पेटण्याजोगी करू शकते, म्हणजे एक लहानशी खोली. ती हवेच्या तिप्पट जड असल्यामुळे वर जात नाही, जमिनीलगत सरकत गटारात, खड्ड्यात, शेजारच्या खोलीत जाते. पेटते लांब कुठेतरी आणि ज्योत मागे ड्रमपर्यंत धावत येते. छताजवळचा एक्झॉस्ट म्हणूनच पुरत नाही, ओढ खालून हवी आणि मोटर फ्लेमप्रूफ हवी. सांडलं तर त्या खोलीतलं बटण चालूही करू नका आणि बंदही करू नका. वीज बाहेरच्या मेनवरून तोडा.

केमिस्ट_ताई:
मुंग्यांकडे वळते, कारण तो भाग राहून जाईल. ही थट्टेची गोष्ट नाही.

एन-हेक्झेनचं शरीरात 2,5-हेक्झेनडायोन बनतं आणि ते नसांवर घाव घालतं. सुरुवात पायाच्या आणि हाताच्या बोटांपासून: मुंग्या, बधिरपणा, मग पकड सैल होणं, पाय अडखळणं. जपानमध्ये 1960 च्या दशकात चपला चिकटवणाऱ्या कामगारांत हे दिसलं. 2009 च्या सुमारास चीनमधल्या सूझौ इथे टचस्क्रीन पुसणाऱ्या शंभरावर कामगारांना याचीच बाधा झाली. तुमच्यासारखंच काम: कापड, हेक्झेन, बंद खोली. त्याला टेबलावरून लगेच हलवा आणि डॉक्टरांकडे पाठवा. डॉक्टरांना 'हेक्झेनवर काम करतो' हे स्पष्ट सांगायला लावा, नाहीतर मानेच्या मणक्याचा फोटो काढून परत पाठवतील. संपर्क तुटल्यावरही काही आठवडे त्रास वाढत जाऊ शकतो, त्याने घाबरू नये. जवळ मिथाइल इथाइल कीटोन वापरत असाल तर तेही सांगा, त्याने हेक्झेनचा हा परिणाम आणखी तीव्र होतो.

धुळीचा मास्क वाफ अडवत नाही. ऑरगॅनिक व्हेपरचा कार्ट्रिज असलेला हाफ मास्क द्या, आणि कार्ट्रिज बदलायची तारीख ठरवून ठेवा, 'वास आला की बदलू' असं नको. टाकीत उतरायला मात्र हा मास्क चालत नाही, तिथे ऑक्सिजनच कमी असू शकतो. हातमोजे नायट्राइलचे, लॅटेक्सचे नकोत.

आणखी एक. गॅस डिटेक्टर वाजला नाही म्हणजे हवा चांगली, असं समजू नका. तो बहुधा स्फोटाच्या खालच्या मर्यादेच्या 10 टक्क्यांवर वाजतो, म्हणजे हेक्झेनच्या बाबतीत 1,100 पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत 1,100 भाग वाफ). आठ तासांसाठी सुचवलेली मर्यादा 50 पीपीएम आहे. डिटेक्टर गप्प असतानाच नसा खराब होत राहतात.

नवा_स्टोअरवाला:
नरसाळं उचललं. त्या मुलाला पॅकिंगला हलवलं, उद्या डॉक्टरांकडे नेतो. साहेब म्हणतात टोल्युइन किंवा हेप्टेन आणू, मग ही कटकटच नको. आणि आमच्याकडे रिकामे ड्रम वेल्डरकडे देऊन मधोमध कापून ट्रे करतात, ते तरी चालेल ना?

केमिस्ट_ताई:
नसांसाठी हेप्टेन नक्कीच बरं, जरा सावकाश वाळतं एवढंच. टोल्युइनचे दुष्परिणाम वेगळे आहेत, म्हणून बदल म्हणून मी ते सुचवणार नाही.

यार्डातला:
हेप्टेनला ताईंसारखंच माझंही अनुमोदन, पण कटकट संपत नाही, उलट एका जागी वाढते. 20 अंशाला बंद ड्रमच्या आत हेक्झेनची वाफ सुमारे 16 टक्के असते. पेटायच्या पट्ट्याच्या वर, म्हणून भरल्या ड्रमच्या पोटात ठिणगी पडली तरी सहसा पेटत नाही. हेप्टेनची त्याच तापमानाला 4.7 टक्क्यांच्या आसपास, टोल्युइनची 2.9. दोन्ही थेट पट्ट्यात. म्हणजे तुमच्या साहेबांच्या 'सुरक्षित' ड्रमच्या आतली हवाच स्फोटाला तयार. अर्थिंग तितकंच लागणार, तळापर्यंतची नळी तितकीच.

रिकाम्या ड्रमबद्दल: नाही, अजिबात नाही. माल उपसताना आत हवा शिरते आणि तळाशी उरलेला थोडासा माल सगळा ड्रम त्या पट्ट्यात आणून सोडतो. कटिंग टॉर्च लागली की झाकणाकडचा पत्रा उडतो, आणि समोर कापणारा माणूस असतो. नुसता वास गेला म्हणून ड्रम साफ होत नाही, सांध्याच्या घडीत माल अडकलेला असतो आणि गरम झाला की बाहेर येतो. ट्रे हवे असतील तर तयार विकत आणा. रिकाम्या ड्रमची दोन्ही बुचं घट्ट लावा, लेबल तसंच राहू द्या, आणि भरलेल्या ड्रमच्याच नियमाने ठेवा, सावलीत, वेल्डिंगपासून लांब. वेल्डरकडे आत्ता काही ड्रम पडलेले असतील तर तेही परत मागवा, कापून झालेले सोडून.