मदत हवी आहे: प्रभुत्व अध्ययनाने घटक चाचणीत गुण वाढले, सत्र परीक्षेत नाहीत

प्रयोगवही
नववीला विज्ञान शिकवते. विद्युतधारा आणि उष्णता हे दोन धडे प्रभुत्व अध्ययनाने घेतले, म्हणजे घटक चाचणीत ८० टक्के न मिळालेल्यांची पुन्हा तयारी, मग फेरचाचणी, आणि मगच पुढचा धडा. घटक चाचणीत जवळजवळ सगळा वर्ग ८० टक्क्यांच्या वर गेला, नेहमी मागे राहणारी मुलंसुद्धा. आता सत्र परीक्षेचे पेपर तपासून झाले, तर या तुकडीत आणि नेहमीच्या पद्धतीने शिकलेल्या दुसऱ्या तुकडीत काही फरकच नाही! सोमवारी मुख्याध्यापकांना अहवाल द्यायचाय, नाहीतर पुढच्या सत्रात हे बंद. पद्धत चालते की नाही, कुणी ठामपणे सांगेल का? ही पद्धत मांडणारे ब्लूम कोण वगैरे नको, ते माहीत आहे.

कर्कटक
ठामपणे सांगायला आधी माहिती तर द्या. ८० च्या खाली राहिलेल्यांना मधल्या वेळात काय दिलंत? फेरचाचणी तीच की वेगळी? दुसरी तुकडी कोण शिकवतं?

उत्साही
शंकाच नको. ब्लूमनी १९८४ मध्ये दाखवलंय की मास्टरी लर्निंगने, म्हणजे याच पद्धतीने, दोन प्रमाण विचलनांचा (गुणांचा पसारा मोजायचं एकक) फरक पडतो. तेवढंच लिहा अहवालात.

कर्कटक
@उत्साही, ते दोन विचलन एकास एक शिकवणी आणि प्रभुत्व अध्ययन मिळून होते. पूर्ण वर्गाला या पद्धतीने शिकवल्यावर त्यांनीच साधारण एक सांगितलं होतं. १९९० मध्ये कुलिक आणि सहकाऱ्यांनी शंभरावर अभ्यास एकत्र केले, तेव्हा सरासरी अर्ध्या विचलनाच्या आसपास आली. अहवालात दोन लिहिलंत तर उद्या तेच अंगाशी येईल.

स्वगती
मूळ घोळ सगळ्या वर्गाला एकत्र चालवण्यात आहे. केलर योजना बघा, १९६८ पासून आहे. प्रत्येक मूल आपल्या गतीने जातं, घटक पक्का झाला की पुढचा. पुढे गेलेली मुलं बाकीच्यांच्या चाचण्या तपासतात. मी असंच करतो आणि मुलं खरंच शिकतात.

निवृत्त_मास्तर
कॉलेजात ठीक आहे हो. शाळेत परीक्षेची तारीख कुणासाठी थांबत नाही. त्याच १९९० च्या आढाव्यात आहे की स्वगतीच्या अभ्यासक्रमात पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण घटतं. गती मुलांवर सोडली की कच्ची मुलंच आधी मागे पडतात.

स्वगती
त्याला तारखा लावून देता येतात. मुलांना नापासाचा शिक्का न बसता पुन्हा संधी मिळते, ते नाही दिसत तुम्हाला?

सांख्यिकी
दोन तुकड्या असल्याने स्वतंत्र गटांची टी-चाचणी लागेल. पूर्वचाचणी घेतली असेल तर सहप्रचरण विश्लेषण करा. शून्य परिकल्पना नीट मांडा, प्रबंधात तिथेच अडवतात.

प्रयोगवही
मी प्रबंध लिहीत नाहीये.
@कर्कटक: मधल्या वेळात त्याच टिपणांची उजळणी आणि सोडवलेली गणितं. फेरचाचणीत तेच प्रश्न, क्रम बदलून. वेगळी प्रश्नपत्रिका काढायला वेळ कुठे असतो? दुसरी तुकडीही मीच शिकवते.

निवृत्त_मास्तर
आणि उजळणीच्या तासिका आणल्या कुठून?

प्रयोगवही
शेवटचा प्रकाशाचा धडा भरभर उरकला. पहिल्याच वेळी जमलेली मुलं तेव्हा गृहपाठ करत बसायची.

निवृत्त_मास्तर
मग सरासरीत फरक दिसणार कसा? कच्च्या मुलांनी कमावलं आणि प्रकाशात सगळ्या वर्गाने गमावलं असेल. संशोधक स्लॅव्हिननी १९८७ मध्ये हाच आक्षेप घेतला होता. शिक्षकाने काढलेल्या चाचणीत थोडी वाढ दिसते, प्रमाणित चाचणीत जवळपास शून्य. गुण धड्यावार वेगळे काढा, मग वरच्या आणि खालच्या मुलांचे वेगळे. या पद्धतीचा जास्त लाभ कच्च्या मुलांनाच होतो, तो सरासरीत बुडतो.

कर्कटक
अगदी. शिवाय एक करून बघा. दोन सारखे दिवे एकसर जोडणीत. धारा मोजणारा ॲमीटर पहिल्या दिव्याच्या आधी, दोघांच्या मध्ये आणि दुसऱ्यानंतर. तिन्ही वाचनं कशी येतील? गणित देऊ नका. चांगले गुण पडलेल्यांना आधी विचारा.

उत्साही
अवांतर: यासाठी एक छान ॲप आहे, सराव प्रश्न आपोआप येतात.

प्रयोगवही
विचारलं. ओहमच्या नियमाची गणितं अचूक सोडवणाऱ्या मुलांनी सांगितलं, ‘पहिल्या दिव्यात धारा थोडी खर्च होते, म्हणून पुढे कमी.’ सूत्रात किमती भरता येतात, पण परिपथात काय चाललंय ते कळलेलंच नाही! सत्र परीक्षेतला आकृतीचा प्रश्न बहुतेकांचा का गेला, ते आत्ता समजलं.

कर्कटक
म्हणजे ८० टक्के त्या प्रश्नपत्रिकेवरचे होते. दुरुस्ती वेगळ्या वाटेने हवी: ॲमीटर मुलांच्या हातात द्या, आधी अंदाज लिहून घ्या, मग जोडू द्या. फेरचाचणीत कल्पना तीच, प्रसंग वेगळा. पहिल्या फेरीत जमलेल्यांना परिपथातला बिघाड शोधायला द्या. गृहपाठ नको.

प्रयोगवही
पटलं. अहवालात धड्यावार तक्ता देते आणि एका घटकापुरती परवानगी मागते. पण उष्णतेसाठी असा प्रश्न कुणाकडे आहे का? आज रात्रीपर्यंत हवा आहे.

निवृत्त_मास्तर
एकाच खोलीत रात्रभर ठेवलेली लोखंडी पट्टी आणि लाकडी पट्टी. कुणाचं तापमान कमी? बहुतेक मुलं लोखंड म्हणतील, हाताला गार लागतं म्हणून. मग तापमापी द्या. फेरचाचणीला काच आणि कापड घ्या.

सांख्यिकी
पूर्वचाचणीचं राहूनच गेलं. घेतली होतीत का?