मदत हवी आहे : चाळीतला डेंग्यू आणि गॅलरीतले पिंप

नमस्कार मंडळी. आम्ही परळला चाळीत राहतो. माझ्या धाकट्या भावाला डेंग्यू झालाय, एनएस१ (डेंग्यूची रक्ततपासणी) पॉझिटिव्ह. आज तापाचा तिसरा दिवस. डॉक्टरांनी फक्त पॅरासिटामॉल दिलंय, आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिनला हात लावू नका म्हणालेत. त्याची काळजी आम्ही घेतोय, प्रश्न मजल्याचा आहे.

डेंग्यू माणसाकडून माणसाला थेट लागत नाही, पण तापातल्या रुग्णाला चावलेला एडिस डास साधारण 8 ते 12 दिवसांनी दुसऱ्याला आजार देऊ शकतो. म्हणून भावाला भरदिवसासुद्धा मच्छरदाणीत ठेवलंय, कारण हा डास दिवसा चावतो. शेजारच्या काकूंना मात्र वाटतं की डास गटारातूनच येतात. काल त्यांच्याच पिंपात बॅटरी मारली तर अळ्या वळवळत होत्या, पाणी अगदी नितळ!

आमच्याकडे पाणी पहाटे तासभरच येतं, त्यामुळे पिंप रोज ओतून देणं कुणालाच परवडत नाही. आठवड्यातून एकदा रिकामं करून आतून घासायचं असं मी सुचवलंय, कारण अंडी कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात.

तोंड वाकडं झालेल्या जुन्या पिंपावर झाकण नीट बसत नाही. जाळी किंवा कापड घट्ट कसं बांधता? वापरायच्या पाण्यात अळ्या खाणारे गप्पी मासे कुणी सोडलेत का? आणि मोठ्या माणसांना न दुखावता हे कसं पटवलंत? लवकर सांगा, मजल्यावर दोन तान्ही बाळं आहेत.